सदतीस पोहणारे आणि एक डबा

"सर, एक विचारू? तुमच्या कॉलेजात सगळी मुलं तेरचीच आहेत का?"

सोमवारची सकाळ होती. मी ऑफिसात येऊन नुकताच पंखा लावला होता. फोनवर पुण्याकडच्या एका कंपनीच्या एचआर मॅडम होत्या, पाटणकर आडनावाच्या. आवाज एकदम शांत. शांत आवाजाची मला भीती वाटते. घरी चोवीस वर्षं ऐकतोय.

"नाही मॅडम. सगळ्या जिल्ह्यातनं येतात. का बरं?"

"काल रविवारी मला अडतीस मेसेज आले. त्यातले सदतीस जण तेरचे आहेत, एक तेवढी लोहाऱ्याची. आणि सगळ्यांना पोहायला आवडतं."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे बसलेलाच होतो, आणखी बसलो.

आधी मी कोण ते सांगतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निक कॉलेजात मी टीपीओ आहे. म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. कोणी विचारलं तर मी सांगतो, लग्नं जुळवणारे असतात ना, तसा मी नोकऱ्या जुळवतो. फरक एवढाच, की लग्न जुळलं की मध्यस्थाला टोपी-टॉवेल तरी मिळतो. कंपनीची माणसं कॉलेजात येऊन मुलाखती घेतात आणि जागच्या जागी मुलं निवडतात, त्याला म्हणतात कॅम्पस ड्राइव्ह. आमच्या भागात कंपन्या स्वतःहून येत नाहीत. त्यांना आणावं लागतं. पाटणकर मॅडमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते आणि तिचा ड्राइव्ह पुढच्याच सोमवारी होता.

आता ते तेर आणि पोहणं. त्याचा गुन्हेगार मीच.

महिनाभरापूर्वी मला पुण्याला 'प्रोफेशनल नेटवर्किंग' नावाच्या दीड दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. जेवण चांगलं होतं. बाकी मला समजलं ते इतकंच, की हल्ली नोकरी अर्जावर लागत नाही, ओळखीवर लागते. हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण तिथं ते इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे मला पटलं. परत येऊन मी शेवटच्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या पोरांना दोन तास धुतलं. नोकरीच्या ओळखींचं एक ॲप असतं, त्यावर खातं कसं काढायचं, मोठ्या माणसाला पहिला मेसेज कसा लिहायचा, सगळं सांगितलं. वर एक छापील कागद वाटला. त्यात नमुन्याचा मेसेज होता. नमुन्यात नाव-गाव काही तरी लागतंच. नाव रिकामं ठेवलं. गाव माझं टाकलं, तेर. आवड माझी टाकली, पोहणं. लहानपणी तेरणा नदीत पोहायचो मी. आता तेरणेत वर्षातले चार महिने पाणी असतं आणि माझ्या पोटाकडे बघून मी कधी काळी पोहत होतो यावर घरचेसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. पण छापलं होतं खरं.

पोरांनी आपापलं नाव तेवढं घातलं. बाकी जसंच्या तसं पाठवलं. आणि कागदावर उदाहरण म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांनाच पाठवलं. म्हणजे पाटणकर मॅडमना.

"एकानं तर 'इथे कंपनीचे नाव लिहा' हेसुद्धा तसंच ठेवलंय," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी मॅडम. पोरं नवीन आहेत..."

"पोरांचं सोडा. सर, खरं सांगू का, हे मेसेज निमित्त आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडची अकरा मुलं आम्ही घेतली. त्यातली नऊ सोडून गेली. चारजण तर एकाच आठवड्यात गायब. शेजारच्या कुठल्या कंपनीनं पळवली असतील. कारण विचारलं तर सगळ्यांनी फॉर्मवर एकच लिहिलंय, घरगुती कारण. मॅनेजमेंट मला विचारतं, त्या भागात पुन्हा कशाला जाता? माझ्याकडे उत्तर नाही. त्यात हे आलं. ड्राइव्ह होल्डवर ठेवतेय मी."

होल्ड हा शब्द नीट समजून घ्या. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ 'थांबा' असा नाही. पाहुणे मुलगी बघून 'घरी जाऊन कळवतो' म्हणतात, तसा तो आहे.

प्राचार्यांना सांगायला गेलो. आमचे प्राचार्य गव्हाणे सर. ते रागावले की चष्मा काढतात आणि पुसतात.

"कदम, तुम्ही शिकवलंत काय नेमकं?"

"ओळखी कशा वाढवायच्या ते, सर."

"मग वाढल्या की." त्यांनी चष्मा काढला. "पुण्यापर्यंत तुमचं गाव पोचलं. आता काय करणार?"

"माझ्या ओळखी वापरतो, सर."

हे मी जोरात म्हणालो खरं. त्या ॲपवर माझे नऊशेच्या वर 'कनेक्शन' आहेत. टेबलावर वही घेतली आणि फोन लावायला बसलो. पहिल्यानं विचारलं, "कोण कदम?" दुसऱ्यानं ओळखलं, पण त्याला वाटलं मी विम्याचा कदम. तिसरा फार आपुलकीनं बोलला, घरच्यांची चौकशी केली आणि शेवटी म्हणाला, "सर, मीच सध्या शोधतोय. तुमच्याकडं काही असलं तर बघा." सहाव्या फोननंतर मी वही मिटली. नऊशे माणसांत मला जेवलास का म्हणून विचारणारा एक नव्हता. आणि मी पोरांना नेटवर्किंग शिकवत होतो.

दुपारी दारात शिवलीला उभी राहिली. शेवटच्या वर्षाची, लोहाऱ्याची. वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. घरात कानडी बोलतात, बाहेर मराठी, आणि वर्कशॉपमध्ये लेथ मशीनशी काय बोलते देव जाणे, पण मशीन तिचं ऐकतं. वर्गात मेकॅनिकलला मुली तीनच. त्यात ही एक.

"सर, मॅडमला गेलेला अडतिसावा मेसेज माझा हाय."

"लोहाऱ्याची एक म्हणाल्या, ती तू?"

"व्हय. म्या गाव बदलले. पोहायचं काढायचं राहिलं." मग म्हणाली, "मला पोहता येत न्हाय, सर."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"सर, बाकीच्या पोरांना दुसऱ्या कंपन्या हायेत. मला न्हाईत. समद्या नोटिशीत लिवलंय, फक्त मुले. ही एकच कंपनी क्वालिटीत मुली घेते." क्वालिटी म्हणजे तयार झालेला भाग मापात आहे का ते तपासायचं खातं. केसाएवढा फरक पकडायचा असतो. "आप्पा म्हणतेत, तीन वर्सं लोखंड शिकलीस, आता लोखंड दाखव, न्हाय तर बांगड्या हायेतच. चिडून न्हाय म्हणत ते. पण मला दुकानात बसायचं न्हाय, सर."

मी म्हणालो, बघतो. हा शब्दही होल्डचाच भाऊ. तिला ते कळलं. मान हलवून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला. धपाटे होते आणि शेंगाची चटणी. जेवता जेवता झाकणाकडे लक्ष गेलं. रोज समोर असतं, पण रोज बघतो कोण? झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय: गयाबाई, तेर. माझी आई. भांडी घेतली की दुकानदाराकडून नाव घालून घ्यायची तेव्हा पद्धत होती. आमच्याकडे त्याला कारणही होतं. हा डबा एसटीनं प्रवास करायचा.

मी बारावीनंतर शिकायला उस्मानाबादला आलो. आता धाराशिव म्हणतात. माझ्या तोंडात अजून दोन्ही येतात. चौघात एक खोली. मेसबिस आम्हाला ठाऊक नव्हतं. सकाळी तेरच्या स्टँडवर आई डबा घेऊन उभी राहायची आणि बस आली की कंडक्टरच्या हातात द्यायची. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग लागलेली असायची. बस उस्मानाबादला पोचली की आम्ही दहा-पंधरा पोरं बसला गराडा घालायचो. आमच्या इकडच्या वाशीची बस, कळंबची बस, तेरची बस, प्रत्येक बसची पोरं वेगळी. कंडक्टरमामा नाव वाचून ओरडायचे, "गयाबाई!" आणि मी हात वर करायचो. तीन वर्षं मी त्या स्टँडवर गयाबाई म्हणूनच ओळखला जायचो. अजूनही एखादा जुना दोस्त भर बाजारात त्या नावानं हाक मारतो. बायको सोबत असली तर तिला फार आनंद होतो.

संध्याकाळच्या बसनं धुतलेला डबा परत पाठवायचा. पहिले पंधरा दिवस मी पाठवत होतो. स्वच्छ धुऊन, पुसून. मला वाटायचं, आई खूष असेल.

सोळाव्या दिवशी डबा आला. हातात घेतला तर हलका लागला. खोलीवर येऊन उघडला. आत काही नव्हतं. स्वच्छ धुतलेला, पुसलेला.

घरी काही झालं की काय? चौकशी करायला फोन कुठला तेव्हा! दोस्तांच्या डब्यातले चार घास खाल्ले आणि दुपारच्या बसनं तेर गाठलं. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"आई, डबा रिकामा आला."

"व्हय."

"का?"

"तू काय धाडलास? तेच म्या माघारी धाडले."

एवढंच बोलली आणि शेंगा फोडत राहिली. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाचं भांडं रिकामं माघारी देऊ ने, इतकं बी शिकवलं न्हाय व्हय म्या? साखर न्हाय, गूळ न्हाय, ऱ्हाऊ दे. चिट्टी टाकायला काय झालं? पोरगं जेवलं का न्हाय, ताप आला का न्हाय, मला कसं कळावं? डबा धुवून आला म्हंजे जेवलंच असं असतंय व्हय?"

आईला वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी डब्यात दोन ओळींची चिठ्ठी टाकायला लागलो आणि शेजारची काकू ती वाचून दाखवायची. एकदा लिहायला काही नव्हतं, तर मी 'आज गणिताचे सर पडले' असं लिहिलं. पुढचा आठवडाभर अख्खी गल्ली आईला विचारत होती, सरांचं कसं आहे. आणि सुगीत कंडक्टरमामांच्या नावची ओल्या शेंगांची पिशवी डब्यासोबत यायची. मामांनी तीन वर्षांत एकदाही माझा डबा हरवला नाही. वाशीच्या एकाचे दोनदा हरवले.

हातातला धपाटा तसाच राहिला. मला ऑफिसात बसून ऐन दुपारी कळलं, की पुण्याच्या दीड दिवसात जे शिकलो नाही ते आईनं एका रिकाम्या डब्यात शिकवलं होतं. आणि मी पोरांच्या हातात काय दिलं? रिकामे डबे. अडतीस. सगळ्यांवर एकच नाव.

लगेच पोरांना वर्गात गोळा केलं आणि मॅडमचं सगळं बोलणं सांगितलं, सोडून गेलेल्या नऊजणांसकट.

"पाटणकर मॅडमना आपण नुसतं मागितलं. द्या, द्या, द्या. आता सांगा, आपल्याकडं त्यांना देण्यासारखं काय आहे?"

मागून एकजण म्हणाला, "सर, पेढे?"

"तुळजापूरचा प्रसाद पाठवू, सर. कुणी न्हाय म्हणत न्हाय."

"खवा, सर. भूमचा. चांगला दोन किलो."

"अरे, त्या एचआर आहेत, जावयाकडचे पाहुणे नाहीत."

हशा झाला. शिवलीलाचा हात वर आला.

"सर, मॅडम तुमाला म्हणल्या ना, नऊजण का सोडून गेले ते ठाव न्हाय म्हणून? ते नऊजण आपलेच हायेत की. आपण इचारू."

नऊशे कनेक्शन चाळून मला जे सुचलं नाही, ते बांगड्यांच्या दुकानात न बसण्यासाठी धडपडणाऱ्या पोरीला सुचलं. हेच ते नेटवर्किंग. समोरच्याची अडचण काय आहे ते कान देऊन ऐकायचं आणि ती सोडवायला आपल्या ओळखी लावायच्या.

दुपारभर फोन चालले. नियम मी घालून दिला: नोकरी मागायची नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं. पहिला फोन वाशीच्या बालाजीला. गेल्या वर्षीचा हुशार पोरगा. फोन स्पीकरवर ठेवला.

"बालाजी, कंपनी का सोडलीस रे?"

"घरगुती कारण, सर."

"म्हणजे काय?"

"घरगुती म्हंजे घरगुतीच की, सर."

दुसऱ्याला लावला. घरगुती कारण. तिसरा, घरगुती कारण. माझा धीर सुटत चालला. तेव्हा शिवलीलानं फोन हातात घेतला आणि बालाजीला पुन्हा लावला.

"बालाजीदादा, म्या लोहाऱ्याची शिवलीला. मला त्याच कंपनीत जायचंय. तिथं काय तरास हाय ते आदीच सांग की. उगं मी जाऊन फसायची."

मग बालाजी बोलायला लागला तो थांबेना. कंपनी चांगली होती. साहेब चांगले. पण पाळी संपली की भोंगा होताच कंपनीची बस सुटायची. नव्या पोरांना पुढच्या पाळीवाल्याला मापाच्या नोंदी समजावून द्याव्या लागायच्या, त्यात दहा मिनिटं जायची. बस गेलेली. मग खोलीपर्यंत दीड तास चालत.

"मग सांगितलं का नाहीस साहेबांना?" मी मध्येच ओरडलो.

"ज्यानं भाकरी दिली त्याच्या तोंडावर कसं नाव ठेवायचं, सर? म्हणून घरगुती लिवलं."

आणि ते एका आठवड्यात गायब झालेले चौघे? त्यांची गोष्ट ऐकून वर्गातली पोरं हसायची थांबली. चौघेही येळवसेला गावी आले होते.

बाहेरच्यांना सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमचा आणि लातूरकडचा सण, कर्नाटकाकडनं आलेला. ऐन थंडीत अख्खं गाव रानात जातं. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा, मग सगळ्या भाज्यांची भज्जी, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे. दिवाळी चुकली तर चालेल, येळवस चुकत नाही. त्या दिवशी आमची बाजारपेठ ओस पडते. पण पुण्यात हा सण कुणाला माहीत नाही. सुट्ट्यांच्या यादीत नाही. शिकाऊ पोरांना रजा मागता येते हेच या चौघांना ठाऊक नव्हतं. न सांगता आले. एक दिवस राहायचं होतं, दोन झाले. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? आणि गेलेच नाहीत. कुठल्याच कंपनीनं त्यांना पळवलं नव्हतं. ते आपल्याच लाजेनं घरी बसले होते. त्यातला एक म्हणाला, "सर, मॅडमचा फोन आलता दोनदा. उचलायची लाज वाटली." त्या एका दिवसाच्या आंबिलीपायी पोराची नोकरी गेली होती.

शिवलीलानं एका पानावर सगळं लिहिलं. कुणाचं नाव न घेता. बस दहा मिनिटं उशिरा सुटावी. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी रजेचा नियम सांगावा. आणि येळवस कोणत्या दिवशी येते ते, आणि त्या एका दिवसाची रजा दिली तर पोरं परत येतील. मी खाली आणखी एक मुद्दा घातला, मेसमध्ये भाकरी मिळत नाही म्हणून. तिनं तो खोडला.

"ते आपलं नखरं हाय, सर. तिकडं गेल्यावर भात खायचा."

"आता हे मेसेज करून पाठव मॅडमना."

"न्हाय सर. फोन करते."

मी स्पीकर लावायला सांगितला नाही, पण तिनं लावला.

"मॅडम, मी शिवलीला. धाराशिवकडच्या पॉलिटेक्निकची. लोहाऱ्याची."

"लोहाऱ्याची? ती पोहणारी का?"

"मॅडम, मला पोहता येत नाही. ते आमच्या सरांचं राहिलं होतं."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मॅडम, मी नोकरीसाठी फोन केला नाही. म्हणजे नोकरी पाहिजे, पण फोन त्यासाठी नाही. तुमची मुलं का सोडून गेली ते आम्ही त्यांना विचारलं. सांगू का?"

मॅडमनी एकदाही मध्ये तोडलं नाही. येळवसेपाशी आल्यावर मात्र म्हणाल्या, "थांब. पुन्हा सांग. शेतात जेवायला गेले म्हणून नोकरी सोडली?"

"नाही मॅडम. जेवायला गेले म्हणून परत यायला लाजले."

मग, "पान पाठव मला ईमेलवर," आणि फोन बंद.

तीन दिवस काही नाही. गव्हाणे सर मला व्हरांड्यात बघून चष्म्याला हात लावायचे आणि मी दिशा बदलायचो. शिवलीला विचारायला आली नाही. ते जास्त जड गेलं.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. ड्राइव्ह काही परत मिळाला नाही. त्याला वरची मंजुरी लागते. "पण दहाजणांना बुधवारी इकडं प्लँटवर आणा. मुलाखत इथंच घेऊ. ती पोरगी त्यात पाहिजे. आणि सर, येताना तुमचा तो नमुना आणू नका."

बुधवारी पहाटेची एसटी होती. बायकोनं अकराजणांना पुरतील एवढे धपाटे केले. पिशवीत भरायला लागली तर मी म्हणालो, "या डब्यात दे." तिनं माझ्याकडे बघितलं. "सासूबाईंचा डबा? हरवाल."

"मी कधी काय हरवलंय?"

ती बोटांवर मोजायला लागली. यादी मोठी होती.

प्लँटवर पोरं एकेक करून आत गेली. शिवलीलाची पाळी शेवटी. मुलाखत घेणाऱ्यानं तिच्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि एक लोखंडी तुकडा दिला. तिनं तीन वेळा माप घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या व्हर्नियरचा शून्य बरोबर नाही." तपासलं. खरंच नव्हता. हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. ती स्वतः काही बोलली नाही. बाहेर येऊन पहिलं वाक्य, "सर, धपाटे उरलेत का?"

दहातली सहा घेतली. शिवलीला क्वालिटीत. बाकीचे चौघे आणि कॉलेजात राहिलेले अठ्ठावीस, त्यांच्यासाठी मला वर्षभर आणखी उंबरे झिजवावे लागले. सगळ्यांचं जमलं असं म्हणणार नाही. बालाजीला मात्र मॅडमनी परत बोलावलं आणि तो गेला. बस आता भोंग्यानंतर पंधरा मिनिटांनी सुटते म्हणे.

आणि डबा तिकडेच राहिला. कँटीनच्या टेबलावर.

मी घरी आनंदानं सांगत आलो, सहा लागले, सहा! बायको म्हणाली, "छान झालं. डबा?" पुढचे कित्येक महिने आमच्या घरात कोणतीही चर्चा त्या एका शब्दावर येऊन संपायची. मुलीचं ॲडमिशन झालं. "बरं झालं. डबा?" मला नवा डबा मिळाला, प्लास्टिकचा. त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

थंडीत येळवस आली. त्या दिवशी आम्ही तेरला शेतात होतो. दुसऱ्या दिवशी घरी परतलो आणि शिवलीलाचा फोन आला. रजा घेऊन लोहाऱ्याला आली होती. अर्ज करून, सही घेऊन, हे तिनं दोनदा सांगितलं. "सर, दुपारच्या बसनं काही तरी धाडलंय. कंडक्टरमामाला सांगितलंय. स्टँडवर जावा."

बऱ्याच वर्षांनी मी त्या स्टँडवर बसची वाट बघत उभा राहिलो. आता तिथं डब्यांसाठी कुणी उभं राहत नाही. पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. लोहाऱ्याची बस आली. तरणा कंडक्टर खाली उतरला, हातातल्या डब्याचं झाकण वाचलं आणि मोठ्यानं ओरडला, "गयाबाई कोण हाय? गयाबाई!"

माझा हात आपोआप वर गेला. पोरांनी मोबाइलमधून डोकी वर काढून बघितलं.

घरी येऊन बायकोसमोर डबा उघडला. आत बाजरीचे उंडे होते, एका छोट्या स्टीलच्या वाटीत शेंगाची चटणी, आणि घडी घातलेला कागद. त्यावर दोन ओळी: 'सर, पुढच्या महिन्यात क्वालिटीत दोन जागा निघणार आहेत, मुलींना घेतील. मॅडमना फोन करा. मेसेज नको.'

बायकोनं डबा उलटसुलट करून बघितला, झाकण लावून बघितलं. समाधान झालं. मग तिनं ती वाटी उचलली. वाटीच्या कडेला ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, कानडी अक्षरांत. आम्हा दोघांनाही वाचता येईना. पण कुणाच्या तरी आईचं आहे, एवढं कळलं.

"ही परत पाठवावी लागंल," बायको म्हणाली. "काय घालून पाठवायचं?"

माझ्या नव्या छापील कागदावर आता गाव रिकामं ठेवलंय. यंदा अकराजणांनी तो तसाच, रिकाम्या जागेसकट, पाठवून दिला. पण वाटी परत धाडायच्या आधी मी ती पोरांना दाखवली, आणि बायकोनं विचारलं तेच विचारलं.